हुशारी उपजत असते की वर्गात वाढते?

प्रश्न: मी मालवण तालुक्यात किनाऱ्यालगतच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवते. स्कॉलरशिपच्या जादा तासाला कोणाला बसवायचं यावरून आमच्या स्टाफमध्ये वाद झाला. सीनियर सर म्हणतात हुशारी उपजतच असते, तीन मुलं हुशार आहेत तेवढीच घ्या. पण माझ्या वर्गातला एक मुलगा वडिलांबरोबर रापणीवर (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून सगळ्यांनी मिळून करायच्या मासेमारीला) जातो, कोणाला दीड वाटा कोणाला अर्धा, सगळा हिशोब तोंडी करतो, आणि फळ्यावर अपूर्णांक दिसला की "बाई, माका जमाचा नाय" म्हणून खाली बसतो. याला हुशार म्हणायचं का? आणि हुशारी खरंच वाढते की आपणच आपलं समाधान करून घेतो?
– एक शिक्षिका

उत्तर: बाई, सरांचं सगळंच चूक नाही. मुलामुलांत फरक असतो, काहींना पटकन कळतं, हे वर्गावर उभं राहणाऱ्या कोणालाही दिसतं. पण आज फरक आहे म्हणजे तो जन्मभर तेवढाच राहणार, हे कुठून आलं? अमेरिकेत लुईस टर्मन यांनी 1921 पासून बुद्ध्यांक मोजून दीड हजारांवर हुशार मुलं निवडली आणि त्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्या चाळणीतून गळलेल्यांत शॉकली आणि अल्वारेझ होते, दोघांनाही पुढे फिजिक्सचं नोबेल मिळालं. मग पाचवीतल्या पोरांचं भविष्य आपण आत्ताच कसं सांगणार?

तुमच्या वर्गातल्या या मुलासारखी मुलं ब्राझीलमध्येही सापडली होती. रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांवरचा अभ्यास 1985 ला छापून आला, विकताना त्यांचे 98 टक्के हिशोब बरोबर यायचे आणि तसलीच गणितं नुसत्या आकड्यांत कागदावर दिली की 37 टक्केच. म्हणजे गणित त्यांना येतच होतं, अडत होतं ते कागदावर. त्यामुळे तुमच्या मुलाला आधी वाट्यांचा हिशोब तोंडी बोलू द्या, तो बोलतोय तसं तुम्ही फळ्यावर लिहा, दीड वाटा म्हणजे 3/2, दोघांचे दीड-दीड आणि एकाचा अर्धा मिळून साडेतीन म्हणजे 7/2, मग खडू त्याच्या हातात द्या. घाई करू नका, आणि तो अडला की लगेच दुसऱ्याला उठवू नका, हे फार महत्त्वाचं आहे कारण आपण नकळत हेच करतो, ज्याला येणार नाही असं वाटतं त्याला विचार करायला वेळच देत नाही.

आता समाधानाचं. नुसतं "तू करू शकतोस" म्हणून फारसं काही होत नाही. अमेरिकेत नववीच्या साधारण 12,000 मुलांना बुद्धी वाढते हे तासाभरापेक्षा कमी वेळात ऑनलाइन समजावलं, 2019 ला निष्कर्ष आले, मार्कांत मागे असलेल्यांचे मार्क वाढले पण थोडेच. त्याच मुलांचे गणिताचे मार्क नंतर बघितले तेव्हा कळलं की फायदा झाला तो जिथे गणिताच्या शिक्षकालाच ते पटलेलं होतं त्या वर्गात. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, मुलाला सांगायचं एक आणि वागायचं दुसरंच, तर ते लागू पडत नाही. कॉलेजातही तेच, 2019 च्याच दुसऱ्या अभ्यासात एका अमेरिकन युनिव्हर्सिटीतले 150 प्राध्यापक घेतले होते, बुद्धी ठरलेली असते असं मानणाऱ्यांच्या वर्गात वंचित समाजातली मुलं इतरांपेक्षा जेवढी मागे पडली ते अंतर बाकी वर्गांच्या दुपटीपर्यंत होतं.

म्हणून यंदा जादा तास सगळ्यांना खुला ठेवा, मुख्याध्यापकांशी बोला, जागा कमी पडली तर व्हरांड्यात बसवा. निवड करायचीच असेल तर दिवाळीनंतर करा आणि तेव्हा कोण कुठून कुठे आला ते वहीत बघून ठरवा. सरांशी भांडत बसू नका, त्यांना त्या तीन मुलांसाठी अवघड गणितं काढायला सांगा, त्या तिघांनाही त्याची गरज आहे, आणि त्यातलं रोज एक गणित अख्ख्या वर्गाला द्या.