चार्ट नीट वाचतोय, मग रिपोर्ट लेट कसा?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला तीन महिन्यांपूर्वी अचानक उजव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं, डोळा फिरवला की दुखायचं. डॉक्टर म्हणाले ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज. सलाइनमधून स्टेरॉइड दिली, आता चार्टवरची शेवटची ओळही वाचतो. पण परवा व्हीईपी केली (डोळ्याचा निरोप मेंदूत किती वेळात पोचतो ते मोजणारी टेस्ट), त्यात डावा 102 आणि उजवा 131 आलाय. आई म्हणते डोक्याला करंट दिला म्हणूनच असं झालं. नक्की काय समजायचं?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आधी आईंची भीती घालवा, करंट कुणी दिलेला नाही. डोक्याला चिकटवलेल्या वायरी फक्त ऐकायचं काम करतात. भावाला समोर स्क्रीनवर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन दिसले असतील, मध्ये ठिपका, आणि चौकोन सारखे उलटसुलट होत होते, काळ्याचा पांढरा, पांढऱ्याचा काळा. प्रत्येक वेळी डोळ्यातून निरोप नसेवाटे मेंदूच्या मागच्या भागात जातो आणि तिथे बारीकशी विजेची लाट उठते. किती बारीक, तर साधारण व्होल्टचा लाखावा भाग. मेंदूची स्वतःची गडबड याहून मोठी असते म्हणून मशीन तेच तेच शंभरेक वेळा करून सरासरी काढतं, गडबड एकमेकांत जिरते आणि लाट उरते. कंटाळवाणं काम आहे, भाऊ वैतागला असेल!

आता तो 102 आणि 131. मोठी लाट निरोगी माणसात साधारण 100 मिलिसेकंदांनी येते, म्हणून तिला पी-100 म्हणतात. नॉर्मलची हद्द प्रत्येक लॅबची वेगळी असते पण 131 बहुतेक कुठेही लेटच धरतील. कारण असं, नसेतल्या तंतूंवर वायरीच्या प्लास्टिकसारखं वेष्टण असतं, मायलिन, आणि सूज आली की ते झडतं. सूज उतरल्यावर निरोप परत पोचायला लागतात पण सावकाश. चार्ट फक्त निरोप पोचला का एवढंच बघतो, किती वाजता पोचला ते नाही. 1972 मध्ये लंडनच्या हॅलिडे आणि सहकाऱ्यांनी हेच दाखवलं, नजर सुधारलेल्या पेशंटमध्येही लाट उशिराच येत होती. म्हणजे भावाची नजर आणि रिपोर्ट दोन्ही खरे असू शकतात.

घरी एक गंमत करून बघा. दोऱ्याला किल्ली बांधून भावापासून दोन मीटरवर डावी-उजवीकडे सरळ झुलवा आणि त्याला दोन्ही डोळ्यांनी बघायला सांगा. कदाचित ती त्याला गोल फिरताना दिसेल, कारण उजवा डोळा तिला क्षणभर आधीच्या जागी बघतोय. याला पुलफ्रिख इफेक्ट म्हणतात, हे 1922 मध्ये समजावून सांगणारे कार्ल पुलफ्रिख स्वतः एका डोळ्याने आंधळे होते, त्यांना ते दिसूच शकत नव्हतं! तुम्हालाही बघायचं असेल तर एका डोळ्यावर गॉगलची काच धरा, अंधारलेला डोळा निरोप उशिरा पाठवतो. भावाला असं दिसत असेल तर बाइक चालवताना बाजूने येणाऱ्या गाड्यांचा अंदाज चुकू शकतो, तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला. नाही दिसलं तरी काही बिघडत नाही.

एक विचारते, टेस्टला चष्मा लावून गेला होता ना? नंबर असून चष्मा नसेल तर चौकोन पुसट दिसतात आणि लाट उगाच लेट किंवा बुटकी येते. रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, मधल्या भागात दोष असला तरी उशीर होतो, शंका आली तर डॉक्टर ईआरजी सांगतात, ही रेटिनाचीच टेस्ट, त्यात वायर डोळ्यापाशीच असते. आणि नुसत्या 131 वरून पुढच्या मोठ्या आजाराची नावं गूगलवर शोधत बसू नका, ते एमआरआय आणि तपासणी बघून डॉक्टर ठरवतील.

हा रिपोर्ट जपून ठेवा, पुन्हा करायची झाली तर शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. आणि जाताना केस धुऊन, तेल न लावता जा, तेल असलं की वायरी चिकटत नाहीत.