लॅपटॉपचा माग : घरची चाचणी पुरेशी नाही

प्रश्न : माझी मुलगी अभियांत्रिकीसाठी परभणीहून छत्रपती संभाजीनगरला जाणार आहे. तिच्या नव्या लॅपटॉपमध्ये दुकानदाराने चोरीनंतर माग काढणारे सॉफ्टवेअर बसवून दिले आहे. मोबाइलवरच्या नकाशात आमचे घर अचूक दिसते. एवढ्यावर विसंबून राहावे का?
— एक पालक, परभणी

उत्तर : राहू नये. आपण पाहिले ते घरच्या वाय-फायवर, पासवर्ड टाकून उघडलेल्या लॅपटॉपचे ठिकाण. चोराच्या हाती तो गेल्यावर यातले काहीच तसे राहत नाही.

बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएस नसते. आसपासच्या वाय-फाय राउटरवरून, आणि ते न जमल्यास इंटरनेट जोडणीच्या आयपी पत्त्यावरून (जोडणीला कंपनीने दिलेल्या क्रमांकावरून) ठिकाणाचा अंदाज बांधला जातो. म्हणून एकदा लॅपटॉप शेतावर नेऊन मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून पाहावा. तेथे ठिकाणाची नोंद असलेला राउटर जवळपास नसेल, तर परभणीच्या शिवारातला लॅपटॉप नकाशावर मुंबईत किंवा पुण्यात दिसू शकतो, आणि तसला ठिपका पोलिसांना दाखवून तपास पुढे सरकत नाही.

याहून महत्त्वाची चाचणी अशी की, लॅपटॉप बंद करून सेलूच्या किंवा मानवतच्या एखाद्या नातेवाइकाकडे द्यावा, पासवर्ड सांगू नये आणि आपण इकडून त्या सॉफ्टवेअरच्या खात्यात तो हरवल्याची नोंद करावी. बहुधा काहीच कळणार नाही, कारण अनोळखी जागी लॅपटॉप आपणहून इंटरनेटला जोडला जात नाही आणि जोडणीशिवाय कोणतेही सॉफ्टवेअर निरोप पाठवू शकत नाही. दुकानात दाखवतात ते प्रात्यक्षिक दुकानाच्याच वाय-फायवर असते, हेही येथे ध्यानात घ्यावे. शिवाय चोरीचा माल घेणाऱ्याने विंडोज नव्याने टाकले की साधे सॉफ्टवेअर पुसले जाते. त्यातून टिकते ते मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या बाहेर चिपवरच असलेल्या प्रणालीत, बसवलेले, आणि ते मुख्यतः कंपन्यांना विकले जाते.

विंडोजमधील ‘फाइंड माय डिव्हाइस’ ही सोय मोफत असली, तरी मायक्रोसॉफ्ट खाते आणि लोकेशन चालू असल्याखेरीज ती काम करत नाही. दुकानदाराने बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये दुरून माहिती पुसण्याची सोय असेल आणि ती तपासायची असेल, तर मुलीच्या फायली त्यात येण्यापूर्वीच तपासावी.

माझ्या मते लॅपटॉप परत मिळण्यापेक्षा त्यातील माहिती सुरक्षित राहणे अधिक हाती असते. डिस्कचे एन्क्रिप्शन (माहिती दुसऱ्याला वाचता येऊ नये म्हणून सांकेतिक करण्याची सोय) चालू करून त्याची रिकव्हरी की, म्हणजे अडचणीत डिस्क उघडण्याचा क्रमांक, कागदावर घरी ठेवावी आणि बिलासोबत सिरियल नंबरही जपावा. मोबाइलप्रमाणे लॅपटॉपला आयएमईआय (प्रत्येक मोबाइलचा स्वतंत्र ओळख क्रमांक) नसल्याने ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवरून तो बंद करता येत नाही, पोलिसांपुढे ओळख पटवायला सिरियल नंबरच लागतो. चोरी रेल्वेत झाल्यास १३९ वर कळवून रेल्वे पोलिसांत तक्रार नोंदवावी.

शेवटची चाचणी आपल्या स्वतःच्या मोबाइलवरून करावी. नंदीग्राम एक्स्प्रेसमध्ये बॅगेसकट मुलीचा मोबाइलही गेला, तर माग काढण्याच्या खात्याचा ओटीपी त्याच मोबाइलवर जाईल. तेव्हा आपला क्रमांक त्या खात्यात आधीच जोडून, तिच्या मोबाइलविना लॉगिन होते की नाही, हे ती निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.