लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करण्याआधी

ओव्हरक्लॉक म्हणजे चिपचा क्लॉक, म्हणजे तिचा कामाचा वेग, कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वाढवणं. त्यात घाई करू नकोस. डेस्कटॉपवरचे आकडे बघून तेच लॅपटॉपला लावायचे, ही नवख्यांची नेहमीची चूक. बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) यांच्या हीट पाइप, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या, सामाईक असतात. एक तापला की दुसराही तापतो. शिवाय जीपीयूला किती वॅट मिळणार हे कंपनीनेच बांधून दिलेलं असतं. त्यामुळे क्लॉक वाढवलास तरी तापमान मर्यादेला टेकलं की चिप आपणहून वेग कमी करते. म्हणजे पंख्यांचा आवाज तेवढा वाढतो, गेमच्या दर सेकंदाच्या फ्रेम तिथल्या तिथेच!

आधी अर्धा तास गेम चालवून तापमान नोंदव. ८५ अंशांच्या वर जात असेल तर ओव्हरक्लॉक विसर. धूळ काढ, लॅपटॉप जुना असेल तर थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर जायला मदत करणारा लेप) बदल, मागची बाजू थोडी उचलून ठेव. गादीवर ठेवून तर अजिबात खेळू नकोस.

खरं सांगू? मी अंडरव्होल्टच करतो. तोच क्लॉक, कमी व्होल्टेज, कमी उष्णता. तरीही क्लॉक वाढवायचाच असेल तर एका वेळी २५ मेगाहर्ट्झ, आणि दर वेळी चाचणी. स्क्रीनवर ठिपके चमकले की मागे ये. ती सेटिंग विंडोजबरोबर आपोआप सुरू होऊ देऊ नकोस, निदान आठवडाभर तरी.