आजारपणाचे खाडे आणि राजीनाम्याचा कागद

प्रश्न : माझे यजमान गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत नऊ वर्षांपासून फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या) विभागात कायम कामगार आहेत. गेल्या ऑक्टोबरपासून त्यांना खोकला आणि संध्याकाळी बारीक ताप येत होता. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांवर त्यांनी दिवाळीपर्यंत कशाबशा पाळ्या केल्या, पण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे ४ नोव्हेंबर २०२४ पासून, त्यांना उठवेना. १४ नोव्हेंबरला कामगार विमा दवाखान्यात थुंकीची तपासणी होऊन क्षयरोग निघाला, आणि तेव्हापासूनच्या रजेच्या सगळ्या चिठ्ठ्या आमच्याकडे आहेत. त्यांचे फोटो सुपरवायझरना व्हॉट्सॲपवर वेळच्या वेळी पाठवले. असे असताना कारखान्याने २० जानेवारी २०२५ रोजी नोटीस दिली आहे, की ४ नोव्हेंबरपासून आपण विनापरवानगी गैरहजर आहात आणि सात दिवसांत हजर न झाल्यास नोकरीत स्वारस्य नाही असे समजून नाव पटावरून कमी करण्यात येईल. टाईम ऑफिसमधून फोनवर सांगतात, की राजीनामा लिहून द्या, हिशेब चोख करून देतो, बरे झाल्यावर पुन्हा घेऊ. नाहीतर हिशेबही अडकेल. राजीनामा द्यावा का?
— एक वाचक भगिनी, कागल तालुका

उत्तर : राजीनामा देऊ नये. नोटिशीची मुदत हा अंक निघण्यापूर्वीच संपत असल्यामुळे एवढे उत्तर आपणांस टपालाने लगेच कळवले होते. येथे त्याची कारणे सविस्तर देत आहे, कारण 'बरे झाल्यावर पुन्हा घेऊ' हे वाक्य शिरोलीपासून कागलपर्यंतच्या अनेक कामगारांनी ऐकलेले असते.

आजारी कामगाराला काढून टाकण्यास कायद्याने जी मनाई केली आहे, ती 'काढून टाकण्याला' आहे. जो स्वतःच्या हस्ताक्षरात नोकरी सोडतो, त्याच्या मदतीला ते कलम येत नाही. उद्या कारखान्याने शब्द पाळून पुन्हा घेतले, तरी ते नवा कामगार म्हणून घेतील आणि नऊ वर्षांची सलग सेवा त्या एका कागदाने पुसली जाईल. हिशेब अडकण्याच्या धमकीतही फारसा दम नाही. ग्रॅच्युइटी हा पाच वर्षे सेवा झालेल्या कामगाराचा कायदेशीर हक्क आहे, ती देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यावी लागते, आणि प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम तर कारखान्याच्या तिजोरीत नसतेच.

आता मुख्य कलम. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ च्या कलम ७३ नुसार, कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना, आजारासाठी वैद्यकीय उपचार घेत असताना किंवा रीतसर प्रमाणित आजारामुळे गैरहजर असताना मालकाला त्याला बडतर्फ करता येत नाही, कमी करता येत नाही, खालच्या पदावर आणता येत नाही, की अन्य शिक्षाही करता येत नाही. याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाप्रमाणे त्या काळात दिलेली बडतर्फीची किंवा सेवासमाप्तीची नोटीस निष्प्रभ ठरते. हे संरक्षण बेमुदत नाही. त्याच अधिनियमाखालील विनियम ९८ नुसार, सेवाशर्तींत तशी तरतूद असल्यास, साधारण आजारात सलग सहा महिन्यांनंतर आणि क्षयासारख्या दीर्घ आजारात सलग अठरा महिन्यांनंतर मालकाला रीतसर नोटीस देऊन सेवा संपवता येते. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो, म्हणजे पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन. आपल्या यजमानांचा उपचार मे महिन्याच्या मध्यास पुरा होईल. अठरा महिन्यांची गोष्ट फार दूर आहे.

मात्र आपल्या बाजूचा एक दुवा कच्चा आहे, आणि तो आपण पत्रात प्रामाणिकपणे लिहिला आहे. ४ ते १३ नोव्हेंबर या दहा दिवसांसाठी विमा दवाखान्याची चिठ्ठी नाही, आणि नोटिशीत नेमकी ४ नोव्हेंबर हीच तारीख घातली आहे. ही तारीख टाईम ऑफिसने सहज लिहिली असेल असे मला वाटत नाही. विनापरवानगी गैरहजेरी हा कामगाराचा स्वतःहून नोकरी सोडण्याचा प्रकार असून ती बडतर्फी नव्हेच, असा युक्तिवाद कारखान्यांकडून होतो, आणि साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने कलम ७३ च्या संदर्भात तो एका गिरणी कामगाराच्या प्रकरणात मान्यही केला होता. परंतु १९९३ साली डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या प्रकरणात त्याच न्यायालयाने ठरवले, की आठ दिवसांहून अधिक गैरहजर राहिल्यास नोकरीवरील हक्क आपोआप संपतो असे स्थायी आदेशात (कारखान्याच्या मंजूर सेवानियमांत) लिहिलेले असले, तरी कामगाराचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय आणि चौकशी केल्याशिवाय त्याचे नाव पटावरून काढता येत नाही. त्या कामगाराला निम्म्या मागील वेतनासह कामावर परत घ्यावे लागले. २०१२ साली कृष्णकांत परमार यांच्या प्रकरणातही न्यायालयाने म्हटले आहे, की गैरहजेरी जाणूनबुजून केलेली होती हे सिद्ध झाल्याशिवाय ती गैरवर्तन ठरत नाही, आणि आजारपण हे नाइलाजाचे कारण असू शकते. आदर्श स्थायी आदेशांत गैरवर्तन धरली जाते ती सलग 'दहा दिवसांहून अधिक' विनापरवानगी गैरहजेरी. आपला खंड मोजून दहा दिवसांचा आहे. तरी कारखान्याचे स्वतःचे मंजूर स्थायी आदेश सूचनाफलकावर लावलेले असतात, ते कोणाकडून तरी पाहून घ्यावेत.

गावातल्या डॉक्टरांकडून त्या दहा दिवसांचे प्रमाणपत्र घ्यावे, पण मागची तारीख घालून मुळीच घेऊ नये. आजची तारीख घालून, 'अमुक दिवशी तपासले, ही औषधे दिली' एवढेच खरे लिहून घ्यावे, आणि औषधाच्या दुकानाची पावती सापडल्यास सोबत जोडावी. मागच्या तारखेचा एक कागद उघडकीस आला, की बाकीच्या खऱ्या चिठ्ठ्यांकडेही संशयाने पाहिले जाते.

नोटिशीला लेखी उत्तर दिलेच पाहिजे. सुपरवायझरच्या फोनवर गेलेले फोटो उपयोगाचे आहेत, पण सुपरवायझर उद्या कारखाना सोडून गेला तर त्याच्याबरोबर फोनही जाईल. उत्तर एका पानाचे असावे. ४ नोव्हेंबरपासून आजारी आहे, १४ नोव्हेंबरपासून विमा दवाखान्याचा उपचार चालू आहे, चिठ्ठ्यांच्या छायाप्रती तारीखवार जोडल्या आहेत, मला नोकरी सोडायची नाही आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनी कामास योग्य असल्याचे प्रमाणपत्र देताच मी हजर होईन. यातील 'मला नोकरी सोडायची नाही' हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. पत्र पोचपावतीसह टपालाने पाठवावे आणि दुसरी प्रत कारखान्याच्या आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का घ्यावा. शिक्का नाकारला, तर त्या दिवसाची तारीख आणि वेळ वहीत टिपून ठेवावी. कारखान्याकडून येणारे कोणतेही टपाल परत पाठवू नये, कारण नाकारलेली नोटीस मिळाली असेच धरले जाते. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आजारपणाचा लाभ देताना कर्मचारी राज्य विमा महामंडळ कामगार खरोखर कामावर नव्हता ना, याची खातरजमा मालकाकडून करून घेते. असा कागद कारखान्याने भरून दिला असेल, तर आजार माहीत नव्हता असे म्हणणे त्याला जड जाईल.

पैशांविषयी आपण विचारलेले नाही, तरी लिहितो. सुरुवातीचे दोन दिवस वगळता आजारपणाचा लाभ वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के दराने मिळतो, म्हणजे सरासरी ६०० रुपये धरल्यास दिवसाला ४२० रुपये. चिठ्ठ्या सलग असतील तर ही मुदत १४ फेब्रुवारीच्या सुमारास संपेल. त्यानंतर क्षयासारख्या ठरावीक ३४ आजारांसाठी ८० टक्के दराने विस्तारित लाभ असतो. त्यासाठी दोन वर्षांची विमापात्र नोकरी आणि मागील चार (सहा-सहा महिन्यांच्या) अंशदान कालावधींत १५६ दिवसांचे अंशदान लागते, आणि नऊ वर्षांच्या कायम कामगाराला त्याची अडचण येऊ नये. अर्ज आत्ताच करावा. याशिवाय क्षयरुग्णांना शासनाकडून पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये बँक खात्यात मिळतात.

लाभ चालू असताना वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय उपचाराचे क्षेत्र सोडता येत नाही, ही अट विमा अधिनियमाच्या कलम ६४ मध्ये आहे. पाहुण्यांकडे विश्रांतीला जायचे असले तरी आधी विचारावे. आणि थोडे बरे वाटले म्हणून यजमानांनी उसाला पाणी पाजायला जाऊ नये. बांधावर उभ्या असलेल्या आजारी कामगाराचा फोटो चौकशीत किती महागात पडतो, हे मी पाहिले आहे.

सोबतचे कामगार घाबरतात, असेही आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे. औषध लागू पडलेल्या रुग्णाकडून संसर्ग होण्याची शक्यता साधारण दोन आठवड्यांनंतर बरीच कमी होते, आणि कामावर परतण्याचा निर्णय दवाखान्याने द्यायचा आहे, टाईम ऑफिसने नव्हे. मला काळजी वेगळीच वाटते. नऊ वर्षे फेटलिंगमध्ये ग्राइंडर चालवणाऱ्याच्या फुप्फुसात वाळूची बारीक धूळ गेलेली असते, आणि सिलिका धुळीमुळे क्षयाचा धोका वाढतो. क्षयाचा उपचार चालू असतानाच छातीच्या क्ष-किरण फोटोवर सिलिकोसिसची शंका येते का, हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारावे आणि कामाचे स्वरूप केसपेपरवर लिहून घ्यावे. तो व्यवसायजन्य आजार असून तसे निदान झाल्यास लाभ वेगळे आणि अधिक असतात.

एवढे करूनही नाव पटावरून कमी केलेच, तर दोन वाटा आहेत. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली नव्वद दिवसांच्या आत कोल्हापूरच्या कामगार न्यायालयात तक्रार करता येते आणि अंतरिम आदेशही मागता येतो. दुसरी वाट नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम २-अ ची. समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यावर पंचेचाळीस दिवसांत तोडगा न निघाल्यास त्याखाली थेट न्यायालयात जाता येत असे, आणि त्यासाठी मुदत तीन वर्षांची होती. दोन्ही वाटा एकाच वेळी धरता येत नाहीत. आपल्या प्रकरणात मी पहिली धरली असती. शिवाय विमा अधिनियमाचे कलम ७३ मोडणे हा त्याच अधिनियमाच्या कलम ८५ खाली गुन्हा असल्यामुळे विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयातही आजच लेखी कळवून ठेवावे.

प्रश्न : मी राजारामपुरीतील एका खासगी कार्यालयात हिशेबनीस आहे. पगार २६,००० रुपये आहे. मणक्याच्या दुखण्यामुळे महिनाभर रजेवर होतो. मलाही हे संरक्षण आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. दरमहा २१,००० रुपयांवर वेतन असणाऱ्यांना कामगार विमा योजना लागू नसल्यामुळे कलम ७३ आपल्या उपयोगाचे नाही. वेतन अलीकडेच वाढले असेल, तर ज्या अंशदान कालावधीत ते मर्यादेबाहेर गेले, त्याच्या अखेरपर्यंत आपण विमाधारकच राहता, तेवढे पगारपत्रकावर तपासावे. कार्यालयाला २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू असेल तर त्याप्रमाणे वर्षाला आठ दिवसांची किरकोळ रजा मिळते, आणि भरपगारी रजा पंचेचाळीस दिवसांपर्यंत साठवता येते. आपली किती शिल्लक आहे, ते मालकाकडून लेखी मागावे आणि महिन्याची गैरहजेरी आधी त्यातून वळती करण्याचा अर्ज द्यावा. राजीनाम्याबाबत मात्र वरील भगिनींना जे लिहिले, तेच आपल्यालाही लागू आहे.