स्पॅनिशमधलं ‘जावंस’ कसं म्हणायचं?

प्रश्न: ताई, मी धरमपेठला राहते, दोन महिन्यांपासून स्पॅनिश शिकून राहिली. ‘तू बाजारात जावंस असं मला वाटतं’ म्हणताना मी ‘किएरो के बास’ लिहिलं तर मॅडमनी लाल केलं आणि ‘बायास’ लिहून दिलं. ईर म्हणजे जाणे, मग हे बायास आलं कुठून?

उत्तर: अगं, तुझा गोंधळ अगदी खरा आहे, माझाही व्हायचा. ‘जावंस’सारखं रूप करायचा नेहमीचा नियम असा की ‘मी’चं रूप घ्यायचं, शेवटचा ओ काढायचा आणि उलटा स्वर लावायचा (आर-वाल्या क्रियापदाला ए, एर आणि ईर-वाल्यांना आ), म्हणजे आगो (मी करतो) वरून आगा, तेंगो (माझ्याकडे आहे) वरून तेंगा. पण ईरचं ‘मी’चं रूप आहे बॉय, त्याच्या शेवटी ओ नाहीच, मग काढणार काय? म्हणून बाया, बायास, बायामोस हे सरळ पाठच करावं लागतं. नियमात न बसणारी अशी मुख्य क्रियापदं सहाच आहेत गं, बाकीची पाच सेर आणि एस्तार (दोन्ही म्हणजे असणे), दार (देणे), साबेर (माहीत असणे), आबेर (सहायक क्रियापद), आणि त्यांची रूपं सेआ, एस्ते, दे, सेपा, आया.

आता हे बघ, तू प्रश्नात ‘जातेस’ (म्हणजे बास) नाही, ‘जावंस’ लिहिलंय. आई म्हणते ना, ‘तू बर्डीवर जावंस आणि संत्री आणावीस’, तेव्हा जाणं अजून झालेलं नसतं, फक्त तिच्या मनात असतं. बायास तेच आहे. पण जाणारी तूच असलीस तर बाया नको, ‘किएरो ईर’ म्हण, म्हणजे मला जायचंय. इथे बरेच जण चुकतात, तेवढं सांभाळ.