मानेमागची पांढरी रेघ

प्रश्न : काका, 40 लिटरच्या टाकीत 20 लाल चेरी श्रिम्प (गोड्या पाण्यातल्या इवल्या शोभेच्या कोळंब्या) होत्या. रविवारी निम्मं पाणी काढून नळाचं ताजं भरलं. आठवड्याभरात 7 मेल्या. प्रत्येकीच्या मानेमागे पांढरी रेघ होती. पाणी तर अगदी नितळ होतं!
– कॉलेज विद्यार्थिनी, शहापूर, बेळगाव

उत्तर : पोरी, ती रेघ तू टिपलीस, हे फार बरं केलंस. श्रिम्प वाढताना कात टाकते. डोकं आणि पोट जुळतात तिथे पाठीवर कवच उघडतं आणि ती झटक्यात बाहेर येते. पाण्यातले क्षार एकदम बदलले की बहुधा कवच भोवतीनं गोल फाटतं, तीच तुझी पांढरी रेघ, आणि बिचारी आतच अडकते. माझ्या पहिल्या टाकीत अशीच एक रात्रभर पाय हलवत राहिली होती, अजून आठवतं.

शिवाय जलाशय राकसकोप असो की हिडकल, नळाला येतं ते क्लोरीन घातलेलंच. पाणी दहा-पंधरा टक्केच बदल, क्लोरीन काढणारं औषध घालून, बारीक नळीतून थेंब थेंब सोड. कडकपणा मोजायचं किट घे. जीएच, म्हणजे पाण्याचा एकूण कडकपणा, 6 ते 8 असू दे. बोअरचं पाणी न मोजता मिसळू नकोस.

टाकलेली कात काढू नकोस, त्या ती खातात. तांबं असलेलं माशांचं औषध टाकीत नको. आणि त्या खोलीत डासांचं मशीन लावतेस का? आजच बंद कर, ते श्रिम्पला विषच.