पान मागं उलट

सप्रेम आशीर्वाद.

परवा जिन्यात भेटलीस तेव्हा घाईत होतीस, म्हणून लिहितोय. वर्षाला ५२ पुस्तकांचा संकल्प, ऑगस्ट उजाडला तरी १९च झालीत, आणि आकडा भरून काढायला आता शंभर पानांच्या आतली पुस्तकं शोधतेयस. वर विचारलंस, "काका, माझा वाचनाचा वेग कसा वाढेल?"

वाढवू नकोस. पान मागं उलट.

वाचन चांगलं असतं वगैरे तुला सांगायची गरज नाही, ते तुझ्या घरातच आहे. मला राग आला तो भरभर वाचायला शिकवणाऱ्या त्या कोर्सवाल्यांचा. मागं वळून वाचायचं नाही, हा म्हणे त्यांचा पहिला नियम. अगं, डोळा ओळीवरून रेल्वेसारखा सरळ धावत नाही. तो उड्या मारतो, दर उडीनंतर साधारण पाव सेकंद टेकतो, आणि मुरलेल्या वाचकाचीही दहांतली एखादी उडी मागच्या शब्दाकडे जाते. अर्थ लागायला मागं जावं लागतं, म्हणून जाते. ही खोड मोडायला पैसे कसले भरायचे?

मीही मोजत होतो. कॉलेजपासून माझी एक दोनशेपानी वही होती : अनुक्रमांक, नाव, संपल्याची तारीख. १९८८ सालचा शेवटचा आकडा १३४ आहे. ग्रंथालयातल्या बाई म्हणायच्या, तुमच्याइतक्या वेळा पुस्तक बदलायला कुणी येत नाही, आणि मला अभिमान वाटायचा. आज ती यादी वाचतो तर निम्म्या नावांपुढं काहीच आठवत नाही. एखादं माणूस नाही, एखादा पाऊस नाही.

त्याच वर्षी अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. "ज्ञानेश्वरी वाचून दाखव," म्हणाले. मी लगेच हिशेब मांडला : ओव्या ९,०००हून जास्त, दिवस सात, म्हणजे रोज जवळजवळ १,३००. पहिल्याच अध्यायात चकोराची पिल्लं शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण मऊ मनानं वेचतात ती ओवी येते, आणि पाठोपाठ पुढची : "तियापरी श्रोतां । अनुभवावी हे कथा । अति हळुवारपण चित्ता । आणूनियां ॥"

अण्णा म्हणाले, "परत वाच." वाचली. "परत." मी म्हणालो, "अण्णा, असं थांबत बसलो तर सात दिवसांत व्हायचं कसं?"

त्यानंतर त्यांनी मला एकदाही थांबवलं नाही. सातव्या दिवशी पारायण पुरं झालं आणि मी वहीत तारीख घातली. पुढच्या वर्षी अण्णा गेले. ती ओवी त्यांना तिसऱ्यांदा का हवी होती, हे मी विचारलंच नाही.

आता मी वर्षाला सात-आठ पुस्तकं वाचतो. तुझे बाबा म्हणतात, काकांचं वय झालं. झालंय. पण पुस्तकं कमी झाली ती त्यामुळं नाही. एकेक परिच्छेद तीनदा वाचायला वेळ लागतो आणि तो मी घेणार. कुणाला आळस वाटला तर वाटो. चाळीस वर्षं धावून पाहिलंय मी, मला त्यातलं कळतं. रहस्यकथा धावत वाच, ती तशीच वाचायची असते. पण ज्या ओळीपाशी मन अडखळलं ती ओलांडून पुढं जाऊ नकोस. पान मागं उलट. ५२ नाही झाली तर नाही झाली. कुणाला जाब द्यायचाय तुला?

जरा चिडून लिहिलंय, मनावर घेऊ नकोस. विसावं पुस्तक चाळिसाव्या पानापाशी अडलं आणि "कंटाळवाणं असेल" म्हणून तू बाजूला ठेवलंस ना? ते घेऊन रविवारी सकाळी वर ये. अडतिसाव्या पानापासून सुरू करू, मोठ्यानं. तू वाच, मधेमधे मी "परत" म्हणेन.

तुझा,
काका